‘तीन बोटे गेली’ : हाताची दुखापत, कामगाराचे वाक्य आणि भरपाईचा कायदा

पत्र्याचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात एखाद्या कामगाराचा हात यंत्रात सापडतो, तेव्हा त्या घटनेविषयी थोड्याच अवधीत तीन निरनिराळी वाक्ये तयार होतात. पहिले कामगाराच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या तोंडचे : ‘प्रेसमध्ये हात गेला, तीन बोटे गेली.’ दुसरे कारखान्याच्या अपघात-अहवालातले : ‘सदर कामगाराने चालू यंत्रात हात घातला.’ तिसरे कायद्याचे असते. त्यात हात जात नाही आणि कोणी तो घालतही नाही. तेथे अमुक अवयवाचा ‘लोप’ व त्यापुढे एक टक्केवारी एवढेच असते. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर अशा औद्योगिक वसाहतींतून जखमी कामगाराला जी भरपाई मिळते, ती ह्या तीन वाक्यांचे एकमेकांत रूपांतर कसे होते यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते. हे रूपांतर म्हणजे वस्तुतः एक भाषांतरच होय. आणि कोणत्याही भाषांतराप्रमाणे त्यातही काही हरवते. प्रस्तुत लेखाचा विषय हे हरवणे आहे.

प्रथम यंत्राकडे पाहावे. पत्र्याला आकार देणाऱ्या किंवा त्यातून तुकडा कापून काढणाऱ्या यंत्राला कारखान्यात नुसते ‘प्रेस’ म्हणतात. एक जड चाक सतत फिरत असते. ऑपरेटरने पॅडल दाबले की क्लच गुंतून चाकाची गती वरच्या दांड्याला मिळते, दांडा खाली येऊन डायवर आदळतो व पुन्हा वर जाऊन थांबतो. जुन्या, स्वस्त प्रेसमध्ये क्लच खिळीचा असतो. अशी खिळी एकदा गुंतली की चाकाचा पूर्ण फेरा झाल्यावाचून ती सुटत नाही; म्हणजे दांडा निघाल्यावर त्याला वाटेत थांबविता येत नाही. प्रकाशकिरणांचा पडदा बसवून ‘हात आत आला की यंत्र बंद’ अशी जी योजना अलीकडे सुचविली जाते, ती घर्षणाच्या क्लचवर चालणाऱ्या प्रेसला उपयोगी पडते. खिळीच्या क्लचला ती लावणे म्हणजे सुटलेल्या बाणाला ‘थांब’ म्हणण्यासारखे आहे. शिवाय खिळी झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली, तर पॅडल न दाबताही दांडा दुसऱ्यांदा खाली येतो. ‘डबल स्ट्रोक’ हा शब्द त्यासाठीच आहे.

आता ऑपरेटरचे काम पाहावे. डायमध्ये पत्रा ठेवावयाचा, हात बाहेर घ्यावयाचा, पॅडल दाबावयाचे, दांडा वर गेला की पुन्हा हात आत घालून जॉब काढावयाचा आणि दुसरा पत्रा ठेवावयाचा. चिमटा किंवा लोहचुंबकी काठी दिलेली नसेल, तर एका पाळीत हे शेकडो वेळा, कधी हजारो वेळा घडते. हात आत घालणे ही ह्या कामातील चूक नव्हे. तेच काम आहे. अहवालातील ‘हात घातला’ ह्या क्रियापदाचा विचार ह्या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. ते असत्य नाही, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. त्या पाळीत त्या क्षणापर्यंत हात आत घातल्याची नोंद कोणी केली नव्हती. दांडा अवेळी आला त्या वेळचीच तेवढी नोंद झाली.

मराठीच्या व्याकरणात हा भेद स्पष्ट दिसतो. ‘त्याचा हात प्रेसमध्ये गेला’ ह्या वाक्यात क्रियापद अकर्मक आहे, कर्ता ‘हात’ आहे आणि माणूस षष्ठीच्या आश्रयाने दूर उभा आहे. ‘हात सापडला’, ‘हात अडकला’ ही त्याच घडणीची वाक्ये. ‘त्याने हात घातला’ असे म्हटले की माणूस तृतीयेत येतो, हात कर्म होतो, आणि तृतीयेबरोबर कर्तृत्व, कर्तृत्वाबरोबर हेतू व हेतूबरोबर दोष चोरपावलांनी आत शिरतो. ‘निष्काळजीपणाने’ हे क्रियाविशेषण पुढे जोडण्याचीही मग फारशी गरज उरत नाही. पण ते बहुधा जोडले जातेच. ह्या दोन्ही रचनांतून एक कर्ता मात्र गळतो. ‘पॅडल न दाबता प्रेस पडली’ हे घटनेला अधिक जुळणारे वाक्य होय, आणि त्याचा कर्ता यंत्र आहे. कामगाराच्या नैसर्गिक बोलीतही ते सहसा प्रथम येत नाही, कारण ज्याचा हात गेला त्याच्या दृष्टीने घटना हाताविषयीची असते, यंत्राविषयीची नव्हे. सोबत्याला विचारले तर तो मात्र पुष्कळदा प्रेसपासून सुरुवात करतो.

ही केवळ व्याकरणातली सूक्ष्मता वाटेल. कायद्याकडे वळताच ती तशी राहत नाही. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम १ जुलै १९२४ पासून अमलात आला. २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या नावातील ‘कामगार’ ह्या अर्थाचा शब्द जाऊन ‘कर्मचारी’ आला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आल्यावर त्याची जागा त्या संहितेने घेतली. तथापि भरपाईच्या तत्त्वाची मूळ शब्दयोजना संहितेतही टिकून आहे. ती १८९७ च्या ब्रिटिश कायद्यातून आलेली आहे. दुखापत ‘कामातून उद्भवलेल्या’ आणि ‘कामाच्या ओघात घडलेल्या’ अपघाताने झालेली असावी, एवढीच तिची अट. इंग्रजीत हे दोन शब्दयोगी पदांवर उभे आहे : पहिले कारण सांगते, दुसरे काळ. मराठीत हे ‘कामामुळे’ आणि ‘काम चालू असताना’ असे सरळ मांडता येते. मालकाचा दोष होता काय, हा प्रश्न ह्या वाक्यात कोठेच नाही. दोष सिद्ध न करता भरपाई, हेच ह्या कायद्याचे वैशिष्ट्य होय.

पण अपवाद आहेत. मृत्यू किंवा कायमची संपूर्ण असमर्थता आली असेल तर ते लागू होत नाहीत. बोटे गमावणे ही सामान्यतः अंशतः असमर्थता असल्यामुळे नेमके ह्याच प्रकारात ते लागू पडतात. अपघाताचे प्रत्यक्ष कारण कामगाराची नशा असेल, किंवा सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेल्या आज्ञेचा अथवा स्पष्टपणे केलेल्या नियमाचा त्याने हेतुपुरस्सर भंग केला असेल, किंवा सुरक्षेसाठी बसविली आहे हे माहीत असलेली जाळी अथवा साधन त्याने हेतुपुरस्सर काढले वा दुर्लक्षिले असेल, तर मालकावर जबाबदारी नाही. ‘स्पष्टपणे’, ‘हेतुपुरस्सर’, ‘माहीत असलेली’ : हे तीन शब्द कायद्याने काटेकोरपणे घातलेले आहेत. निष्काळजीपणा ह्या यादीत नाही. थकव्याने, घाईने, सवयीने हात आत राहिला, तर तो हेतुपुरस्सर भंग नव्हे. अहवाल-लेखकाला हे ठाऊक असो वा नसो, ‘निष्काळजीपणाने हात घातला’ ह्या वाक्याने कायद्याच्या दृष्टीने काहीच सिद्ध होत नाही. परंतु कामगाराच्या मनावर त्याचा परिणाम होतो. आपलीच चूक होती असे समजून दावा न करणारा माणूस कायद्याने नव्हे, एका क्रियाविशेषणाने हरलेला असतो. जाळी मुळात बसविलीच नव्हती, किंवा उत्पादन वाढावे म्हणून ती वरच्यांनी काढावयास लावली होती, अशा प्रसंगी तर ‘त्याने जाळी वापरली नाही’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही निरर्थक ठरते.

यानंतर कायद्याचे कोष्टक. ह्या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग हाच आहे. १९२३ च्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत हाताचे तुकडे पाडून प्रत्येकासमोर उपार्जनक्षमतेच्या हानीची टक्केवारी दिलेली होती, आणि कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीतही तेच आकडे होते. खांद्याच्या सांध्यातून हात गेल्यास ९०. पंजा, किंवा अंगठा व चारही बोटे गेल्यास ६०. एका हाताची चार बोटे ५०, तीन बोटे ३०, दोन बोटे २०. अंगठा ३०, तळव्यातील हाडासह ४०. अंगठ्याचे टोकाचे पेर २०. सुट्या बोटांत संपूर्ण तर्जनीस १४, मध्यमेस १२, अनामिका वा करंगळीस ७. तर्जनीची दोन पेरे गेली तर ११, एक गेले तर ९. आणि हाड न जाता नुसते टोक सरळ छाटले गेले तर ५. ह्या शेवटच्या प्रकाराला इंग्रजी पाठात फ्रान्सच्या राज्यक्रांतीतील शिरच्छेद-यंत्राचे नाव विशेषण म्हणून लावले आहे. मराठीत ‘पेर’ हा साधा, घरगुती शब्द उपलब्ध असताना काही भाषांतरांत ‘अंगुल्यस्थी’ यांसारखी रूपे आढळतात. कारखान्यातला माणूस ‘दोन पेरं गेली’ असेच म्हणतो, आणि कोष्टकाला नेमके तेवढेच हवे असते.

कोष्टकातील आकडे तर्काने पाहू गेल्यास काही ठिकाणी अडखळावयास होते. तर्जनी व मध्यमा ह्यांची स्वतंत्र बेरीज २६ येते, पण ‘दोन बोटे’ ह्या नोंदीसमोर २० आहेत. उलट अनामिका व करंगळी ह्यांची बेरीज १४, आणि नोंद तीच २० ची. उजवा-डावा भेद कोष्टक मानीत नाही. उजव्या हाताने कानस चालविणाऱ्याचा उजवा हात आणि डावा हात त्याच्या लेखी एकच. अनामिका-करंगळीला दिलेले कमी मोलही विचार करण्याजोगे आहे, कारण हातोडा किंवा पाना घट्ट धरण्याची ताकद पुष्कळशी ह्याच दोन बोटांकडून येते.

मूळ प्रश्न मात्र ‘बोट’ ह्या शब्दाचाच आहे. मराठीत हाताला पाच बोटे असतात. ‘पाची बोटे सारखी नसतात’ ही म्हण अंगठ्याला वगळून म्हटली जात नाही. ज्या इंग्रजी पाठावरून कोष्टक आले, त्यात अंगठा हा बोटांत मोडत नाही. म्हणूनच तेथे ‘अंगठा आणि चार बोटे’ अशी नोंद संभवते. आता ‘तीन बोटे गेली’ हे कामगाराचे वाक्य घ्यावे. त्या तिघांत अंगठा असेल, तर कायद्याच्या भाषेत ती ‘तीन बोटे’ नव्हेत. ‘एक अंगठा आणि दोन बोटे’ होत. एकाच अपघातातील अनेक दुखापतींची भरपाई संपूर्ण असमर्थतेच्या मर्यादेपर्यंत एकत्र करावयाची असते. तेव्हा पहिल्या वाचनाने ३० टक्के, दुसऱ्या वाचनाने ३० अधिक २० म्हणजे ५०. कामगार खरे बोलला, लेखनिकाने खरे लिहिले, आणि भाषांतरात वीस टक्के गळाले.

हे वीस टक्के किती, हे हिशेबानेच कळते. अधिनियमानुसार संपूर्ण असमर्थतेची भरपाई म्हणजे मासिक वेतनाचा ६० टक्के भाग गुणिले वयानुसारचा गुणक. हिशेबात धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने १५,००० रुपये झाली. पंचविसाव्या वर्षी गुणक २१६.९१. म्हणजे त्या वेतनाच्या पंचवीस वर्षांच्या कामगाराच्या बाबतीत पूर्ण रक्कम १९,५२,१९० रुपये येते. तिच्या २० टक्के म्हणजे ३,९०,४३८ रुपये. एका सामान्यनामाच्या अर्थव्याप्तीतील फरकाची ही किंमत होय. वैद्यकीय प्रमाणपत्राने संदिग्धता दूर होते असेही नेहमी नाही. काही वैद्य बोटांची गणना अंगठ्यापासून करतात, काही तर्जनीपासून. ‘दुसरे बोट’ म्हणजे तर्जनी की मध्यमा, हे लिहिणाऱ्याच्या सवयीवर ठरते. आकड्याऐवजी नाव लिहिल्यास हा घोटाळा राहत नाही, आणि मराठीत प्रत्येक बोटाला नाव आहे.

कोष्टक ‘लोप’ एवढाच शब्द जाणते. कामगाराची मराठी मात्र अनेक क्रियापदे जाणते. पत्रा कापण्याच्या यंत्रात बोट ‘तुटते’, प्रेसमध्ये ‘चेचते’ किंवा ‘चिरडते’, फिरत्या रोलरमध्ये किंवा हातमोजा ड्रिलमध्ये गुंतला असता कातडी ‘सोलून निघते’. (हातमोजा हे संरक्षण आहे असे मानणाऱ्यांनी हे शेवटचे उदाहरण ध्यानात ठेवावे, फिरत्या हत्याराजवळ तो घालू नये असाच नियम असतो.) चेचलेले बोट शस्त्रक्रियेने वाचविले जाते, पण कधी कधी ते वाकत नाही, त्याला स्पर्श कळत नाही. असे बोट ‘गेले’ काय? सामान्य भाषेत नाही. कायद्यात मात्र कोष्टकाखालील एक टीप त्याचे उत्तर देते : अवयवाचा उपयोग पूर्णपणे व कायमचा नष्ट झाला असेल, तर तो अवयवाचा लोपच समजावा. उपयोग अंशतः गेला असेल, तर ती दुखापत कोष्टकाबाहेरची ठरते, आणि उपार्जनक्षमता किती घटली हे पात्र वैद्याने ठरवावयाचे असते.

येथे आणखी एका शब्दाचा विचार अपरिहार्य आहे. मूळ इंग्रजी संज्ञेला मराठीत कोठे ‘अपंगत्व’, कोठे ‘विकलांगता’, तर कोठे ‘असमर्थता’ असे प्रतिशब्द वापरलेले दिसतात. ह्यांपैकी शेवटचाच ग्राह्य होय. पहिले दोन शरीराकडे बोट दाखवितात. कायदा मोजतो ती कमावण्याची शक्ती. शरीराची हानी आणि उपार्जनक्षमतेची हानी ह्यांचे टक्के एकच नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली वाहन-अपघाताच्या एका निकालात विस्ताराने सांगितले आहे : डावा हात गेलेल्या सुताराची किंवा वाहनचालकाची उपार्जनहानी जवळजवळ शंभर टक्के असू शकते, तर त्याच दुखापतीचा कारकून नोकरीत टिकून राहू शकतो. त्याआधी १९७५ साली त्याच न्यायालयापुढे नुकसानभरपाई अधिनियमाखालीच एका सुताराचे प्रकरण आले होते. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. कोष्टकाप्रमाणे हा अंशतः असमर्थतेचा प्रकार ठरला असता. पण अधिनियमातील व्याख्या ‘अपघाताच्या वेळी जी कामे करण्यास तो समर्थ होता, ती सर्व कामे’ असे म्हणते. ‘जगातील सर्व कामे’ असे नव्हे. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून ती असमर्थता संपूर्ण मानण्यात आली. संबंधी वाक्याने ‘सर्व’ ह्या विशेषणाची व्याप्ती मर्यादित होते, ह्या वाक्यविचारातील प्राथमिक नियमाने एका माणसाची भरपाई ठरली. प्रेस-ऑपरेटरच्या, फिटरच्या किंवा वेल्डरच्या दाव्यात हा निर्णय म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

विमायोजनेखालील कामगारांची वाट वेगळी आहे. १ जानेवारी २०१७ पासून १९४८ च्या अधिनियमाखाली मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार विमाधारक होते. त्यांना मालकाकडून एकरकमी भरपाई न मिळता राज्य विमा महामंडळाकडून उपचार, बरे होईपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के इतके साहाय्य आणि कायमच्या हानीच्या प्रमाणात आजन्म मासिक रक्कम मिळे. साहाय्य चालू असताना कामावरून काढण्यास त्या अधिनियमात मनाई होती. २०२५ मध्ये हेही अधिनियम संहितेत विलीन झाले. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. पण गुरुग्राम-मानेसर भागात काम सुरू करून पुढे पुण्याच्या पट्ट्यातही गेलेल्या ‘सेफ इन इंडिया’ ह्या संस्थेच्या, २०१९ पासून निघणाऱ्या ‘क्रश्ड’ नावाच्या अहवालांत वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांतील जखमींविषयी एक गोष्ट पुनःपुन्हा आली आहे : पुष्कळांचे विमा-ओळखपत्र अपघातानंतरच तयार झाले. ज्याची नोकरी कागदोपत्री अपघाताच्या दिवशी सुरू होते, त्याला ‘कामाच्या ओघात’ हे पद सिद्ध करणे किती अवघड जाते हे सांगावयास नको. त्यात कामगार ठेकेदाराचा असेल तर ‘आमचा माणूस नाही’ हे उत्तर ठरलेले असते. १९२३ च्या अधिनियमाने हे उत्तर आधीच बाद केले होते : आपल्या धंद्याचेच काम ठेकेदाराकडून करून घेणाऱ्या मुख्य मालकावर भरपाईची जबाबदारी येते, आणि त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी.

‘माझी काही तक्रार नाही’ अशा मजकुरावर रुग्णालयातच सही किंवा अंगठा घेण्याची प्रथा ह्याच जातीची. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार त्या अधिनियमान्वये मुळातच शून्यवत होता. अंगठा गमावलेल्या माणसाकडून दुसऱ्या हाताचा अंगठा घेतला जातो, तेव्हा त्या कागदाला कायद्यात काहीच किंमत नसते. पण हे त्याला कोण सांगणार? ह्या प्रश्नाला २०१७ च्या दुरुस्तीने उत्तर दिले. नोकरीवर घेतानाच मालकाने कर्मचाऱ्याला भरपाईच्या हक्कांची माहिती लेखी आणि इलेक्ट्रॉनिक साधनांनी द्यावी, आणि ती इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत, ‘कर्मचाऱ्याला समजेल त्याप्रमाणे’ द्यावी, असे कलम घालण्यात आले. न दिल्यास पन्नास हजार ते एक लाख रुपये दंड. हे कर्तव्य संहितेतही आले आहे.

ह्या कलमाची रचना भाषाभ्यासकाने लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. प्रथम तीन भाषांची निवड, आणि मग ‘समजेल त्याप्रमाणे’ ही अट. चाकणच्या कारखान्यात बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड व ओडिशा येथून आलेली मुले प्रेसवर उभी असतात. भोजपुरी बोलणाऱ्याला हिंदी कागद पुष्कळसा कळेल. ओडिया बोलणाऱ्याला तिन्हींपैकी कोणती भाषा समजते, हे कलम गृहीतच धरते. आणि येथे ‘बोट’ शब्दाचा जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. ओडियात ‘आंगुठि’ म्हणजे कोणतेही बोट. अंगठ्याला तेथे ‘बुढा आंगुठि’ म्हणतात. संस्कृत अंगुष्ठापासून आलेले मराठी ‘अंगठा’ आणि हिंदी ‘अँगूठा’ मात्र एकाच बोटाचे नाव. तर्जनी गमावलेला ओडिया कामगार ‘आंगुठि गेली’ असे सांगतो आणि मराठी लेखनिक ‘अंगठा’ लिहितो, तेव्हा १४ चे ३० होतात व पुढे वैद्यकीय तपासणीत तोच कामगार खोटे बोलल्याचा संशय येतो. अंगठा गमावलेल्याच्या बोलण्यातील ‘बुढा’ हा शब्द न कळून गळाला, की ३० चे १४ होतात.